मैदान राखणाऱ्यांची शाळा कुठे आहे?

इंदूरच्या क्रिकेटवेड्या माणसाला दोन तारखा विसरता येत नाहीत, आणि दोन्ही आठवल्या की मान खाली जाते. पहिली २५ डिसेंबर १९९७. नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना होता. नाताळची सुट्टी, भारताचा कर्णधार सचिन तेंडुलकर. फक्त तीन षटके झाली आणि खेळ थांबला. खेळपट्टी फलंदाजांच्या जिवाला धोक्याची आहे, असे ठरून सामना रद्द झाला. दुसरी तारीख ३ मार्च २०२३. होळकर स्टेडियमवरची भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी तिसऱ्या दिवशी सकाळीच आटोपली. पहिल्या एका दिवसात १४ बळी पडले होते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीला आधी ‘निकृष्ट’ ठरवून तीन दोषगुण दिले. भारतीय मंडळाने अपील केल्यावर शेरा ‘सरासरीपेक्षा कमी’ असा झाला आणि दोषगुण एकावर आला.

ज्या शहरात होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक आणला, ज्या मातीवर कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे खेळले, त्या शहराला हे शोभणारे नव्हते. दोन्ही वेळी गावात एकच प्रश्न विचारला गेला : खेळपट्टी केली कोणी? दोन्ही वेळी एका माणसाकडे बोट दाखवून लोक घरी गेले. तो माणूस हे काम कुठे शिकला, त्याला दिवस किती मिळाले, त्याने सल्ला कोणाचा घ्यायचा होता, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही. २०२३ची कसोटी मुळात धर्मशाळेला व्हायची होती. तिथल्या मैदानावर गवत पुरेसे दाट आले नाही म्हणून १३ फेब्रुवारीला ती इंदूरला दिल्याचे जाहीर झाले आणि १ मार्चला नाणेफेक झाली. मधले दिवस वाचकांनीच मोजावेत.

आम्ही हा लेख त्या सामन्यांसाठी लिहीत नाही. आंतरराष्ट्रीय मैदानाला निदान नाव आहे, पैसा आहे, पाहणीला येणारा तज्ज्ञ आहे. आमची काळजी आहे ती ज्या मैदानांवर आपली मुले संध्याकाळी जातात त्यांची : नगर निगमची मैदाने, शाळांची मैदाने, जुन्या क्लबांची मैदाने, आणि ती राखणाऱ्या माणसांची.

आमच्या वस्तीजवळचे एक मैदान आम्ही तीस-पस्तीस वर्षे पाहत आलो आहोत. नाव देत नाही, कारण असे मैदान प्रत्येक वाचकाच्या घराजवळ असेल. तिथे एक काका होते. कागदोपत्री ते माळी. आले रोजंदारीवर, जाळ्या बांधायला. एका म्हाताऱ्या माळ्याच्या हाताखाली दहा वर्षे रूळ ओढता ओढता शिकले. खेळपट्टीत किल्ली खुपसून आत ओल किती आहे ते सांगत. पहाटे उठून पाणी देत आणि दुपारी कोणी नळी हातात घेतली तर ओरडत. ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी ठेकेदाराने दुसरा मुलगा पाठवला. मुलगा कष्टाळू होता, त्याचा दोष काही नाही. त्याच्या हातात एक नळी आणि एक गवत कापायचे यंत्र देण्यात आले, आणि सांगितले, ‘कर.’ दोन पावसाळ्यांत मैदानाच्या मधोमध टक्कल पडले. गोलजवळ पाणी साचू लागले. लग्नाच्या मांडवाच्या खांबाचा खड्डा बुजवायचा राहिला आणि त्यात पाय जाऊन आपल्याच समाजातील एका मुलाचा गुडघा दुखावला. वर्षभर तो खेळला नाही.

काकांना जे माहीत होते ते कुठेही लिहिलेले नव्हते. ते त्यांच्याबरोबर घरी गेले. हे नुकसान एका मैदानाचे नाही, ते घडते कारण या कामाला आपण ‘काम’ मानतो, ‘विद्या’ मानत नाही.

या विद्येत आहे तरी काय, असे कोणी विचारील. थोडक्यात सांगतो. क्रिकेटच्या एका मैदानावर दोन उलट्या स्वभावाच्या जमिनी एकमेकींना लागून ठेवाव्या लागतात. खेळपट्टीला चिकण माती हवी, जी दाबली की विटेसारखी घट्ट बसेल. भोवतालच्या मैदानाला वाळू हवी, म्हणजे पाऊस थांबला की पाणी खाली उतरेल. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. खेळपट्टीत तिचा उपयोग आहे, पण ती किती, तांबडीबरोबर तिचे प्रमाण काय, हे अंदाजाने ठरवले तर काय होते ते आपण पाहिले आहे. रूळ फिरवायलाही वेळ असते. माती फार ओली असेल तर ती रुळाला चिकटते आणि पुढे ढकलली जाऊन लाटा पडतात. फार कोरडी असेल तर वरचा पापुद्रा तेवढा दबतो, खालचा भाग भुसभुशीत राहतो आणि चेंडू मग एकदा उसळतो, एकदा सरपटतो. खेळपट्टीवरचे गवत ही शोभा नव्हे. मुळे माती बांधून धरतात आणि खोलवरचे पाणी ओढून घेऊन ती वरपासून खालपर्यंत सारखी वाळवतात. ते गवत कधी ठेवायचे, कधी खरवडायचे, हा निर्णय चुकला की सामना चुकला.

गवताचेही तसेच. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर जी हरळी असते, ती गणपतीला वाहतो ती दूर्वाच. तिच्या निवडक आणि संकरित जाती जगभर मैदानांवर लावल्या जातात. इंग्रजीत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. ती उन्हाला चिवट आहे, तुडवली तरी पुन्हा पसरते. पण सावलीत मरते आणि थंडीत झोपते. कापताना एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, नाहीतर मूळ खचते. रोज थोडे थोडे पाणी दिले तर मुळे वरच राहतात. काही दिवसांच्या अंतराने खोल पाणी दिले तर ती खाली जातात. हजारो पावलांखाली जमीन दबून तिच्यातली हवा निघून जाते. म्हणून वर्षातून एक-दोनदा काट्याने भोके पाडून त्यांत वाळू भरावी लागते. हे केले नाही तर वरून कितीही खत टाका, गवत येत नाही. जमीन दगडासारखी झाली की पडणाऱ्या मुलाच्या डोक्याला आणि धावणाऱ्याच्या गुडघ्याला ती दगडासारखीच लागते.

यातले काहीही अवघड नाही, पण कोणीतरी सांगितल्याशिवाय कळतही नाही. सांगणार कोण, हा प्रश्न इतर देशांनी आधीच सोडवून टाकला आहे. इंग्लंडमध्ये मैदान राखणाऱ्यांची संघटना १९३४ साली स्थापन झाली. आज ती ग्राउंड्स मॅनेजमेंट असोसिएशन या नावाने काम करते, पायरी-पायरीचे शिक्षण देते, आणि दरवर्षी प्रदर्शन भरवते, जिथे विम्बल्डनचा माणूस आणि खेडेगावच्या क्लबचा माणूस एकाच यंत्रापाशी उभे राहून बोलू शकतात. त्याही आधी, १९२९ साली, यॉर्कशायरमधील बिंगली येथे खेळाच्या गवतावर संशोधन करणारी संस्था सुरू झाली. विम्बल्डनचे गवत २००१ पासून पूर्णपणे राय जातीचे आहे आणि स्पर्धेत ते ८ मिलिमीटरवर कापले जाते. हे आकडे अभ्यासातून, चाचण्यांतून येतात. अमेरिकेतही मैदान व्यवस्थापकांची राष्ट्रीय संघटना आहे. तिचे प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळवावे लागते. शिवाय ही माणसे एकमेकांच्या मैदानांवर जमतात, जमीन खणून पाहतात आणि चुका उघडपणे सांगतात. आम्हाला सर्वात मोलाची वाटते ती ही शेवटची रीत. शेजाऱ्याची चूक पाहून जे शिकता येते ते पुस्तकातून येत नाही.

आपल्या देशात काहीच झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. क्रिकेट मंडळाच्या मैदान व खेळपट्टी समितीचे काम दलजित सिंग यांनी २०१९ पर्यंत दोन दशकांहून अधिक काळ पाहिले, आणि त्यांच्याच काळात क्युरेटरांना प्रशिक्षण आणि परीक्षेतून प्रमाणपत्र देण्याची वाट सुरू झाली. मुंबईत वानखेडेची खेळपट्टी अनेक वर्षे सुधीर नाईक यांच्याकडे होती. स्वतः कसोटी खेळलेला हा माणूस रूळ आणि माती यांच्यात रमला आणि २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची खेळपट्टी त्याने केली. २०२३च्या एप्रिलमध्ये ते गेले. आपल्या घरातल्या किती मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

अलीकडे कौतुकही होऊ लागले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात हैदराबादच्या मोहम्मद सिराजने आपल्या बक्षिसाची रक्कम कोलंबोच्या मैदान कर्मचाऱ्यांना देऊन टाकली. २०२४च्या आयपीएलनंतर नियमित दहा मैदानांच्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी २५ लाख रुपये जाहीर झाले. चांगले झाले. परंतु बक्षीस म्हणजे शिक्षण नव्हे, आणि दहा मैदाने म्हणजे देश नव्हे. जानेवारी २०२० मध्ये गुवाहाटीला भारत-श्रीलंका टी-२० सामना ओल्या खेळपट्टीमुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. केस वाळवायचे यंत्र आणि कपड्यांची इस्त्री घेऊन माणसे खेळपट्टी वाळवत असल्याचे दृश्य साऱ्या जगाने पाहिले. आंतरराष्ट्रीय मैदानावर ही वेळ येते, तर आपल्या वॉर्डातल्या मैदानाची कथा काय सांगावी?

प्रमाणपत्राची वाट वरच्या मजल्यावर संपते. राज्य संघटनेच्या क्युरेटरला ती दिसते. शाळेचा शिपाई जो सुट्टीत मैदान सांभाळतो, निगमचा रोजंदार जो सकाळी बागेत आणि दुपारी मैदानात असतो, फुटबॉल क्लबचा म्हातारा जो चुन्याने रेषा आखतो, त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. त्यांना एकमेकांची नावेसुद्धा माहीत नसतात. एकाच शहरात, दोन मैलांवर, दोघे जण एकाच रोगाने पिवळ्या पडलेल्या गवताकडे पाहत उभे असतात आणि दोघांनाही वाटते की हे आपल्यावरच आले आहे.

काही वाचक म्हणतील, रस्ते आणि नळ सोडून समाजाच्या पत्राने गवताचे राजकारण का करावे? आमचे उत्तर असे की गवताचा प्रश्न नळाचाच प्रश्न आहे. इंदूरचे पाणी सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेतून उपसून आणावे लागते. ते पाणी भर दुपारी मैदानावर ओतून वाफ करणारा माणूस वाईट नाही, त्याला कोणी शिकवलेले नाही. हा खर्च आपल्याच करातून जातो. आणि शिकवले की काय होते तेही याच शहराने दाखवले आहे. २०१७पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचे नाव पहिले आले. ते नुसत्या गाड्या विकत घेऊन आले नाही. सफाई कामगारापासून घरातल्या गृहिणीपर्यंत प्रत्येकाला ओला कचरा कोणता आणि सुका कोणता हे शिकवले गेले, पुन्हा पुन्हा शिकवले गेले. जे कचऱ्याच्या बाबतीत जमले ते मैदानांच्या बाबतीत का जमू नये?

मातीची विद्या तर आपल्या अंगणातलीच आहे. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. तिथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत बसवली, ती १९३१च्या त्यांच्या पुस्तकामुळे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. आज त्याच परंपरेत इंदूरचे कृषी महाविद्यालय उभे आहे. काळ्या मातीचा अभ्यास करणारी माणसे एका टोकाला, काळ्या मातीवर रूळ फिरवणारी दुसऱ्या टोकाला, आणि दोघांची कधी गाठ नाही, ही गोष्ट आम्हाला खटकते.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. आरसा पाहायचा तर पूर्ण पाहावा. गणेशोत्सव, स्नेहसंमेलन, आनंदमेळा यांसाठी आपली मंडळेही मैदाने घेतात. मांडवाचे खांब रोवतो, ट्रक आत आणतो, शेवटच्या दिवशी आरती करून, प्रसाद वाटून घरी जातो. खिळे, काथ्या आणि खड्डे तिथेच राहतात. अनामत रक्कम परत घ्यायला मात्र दुसऱ्याच दिवशी जातो. आम्हीही त्या कार्यकारिणीत बसलो आहोत आणि त्या वेळी आम्हाला काही वाटले नव्हते. म्हणून हे लिहिताना आम्ही निगमला जेवढा दोष देतो, तेवढाच स्वतःलाही घेतो.

तेव्हा आमचे म्हणणे चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला : नगर निगमच्या प्रत्येक खेळाच्या मैदानाला एक नेमलेला माणूस असावा, आणि त्याचे पद ‘माळी’ न राहता ‘मैदानरक्षक’ असे वेगळे असावे. ठेका बदलला की माणूस बदलतो, ही रीत बंद व्हावी. मैदान ओळखायला निदान तीन-चार पावसाळे लागतात.

दुसरा : राज्याच्या क्रीडा संघटनांनी आपल्या क्युरेटरांना वर्षातून चार दिवस शाळांच्या आणि निगमच्या मैदानरक्षकांना शिकवण्यासाठी मोकळे करावे. शिक्षण हिंदीत आणि मराठीत व्हावे, हातात माती घेऊन व्हावे. या विषयावरची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत. आपल्या समाजात कृषी खात्यातून निवृत्त झालेले जाणकार कितीतरी आहेत. वीस पानांची सोपी पुस्तिका त्यांनी लिहून दिली तर छापण्याचा खर्च मंडळाने उचलावा.

तिसरा : प्रत्येक मैदानावर एक नोंदवही असावी. पाणी कधी दिले, रूळ कधी फिरवला, माती कुठून आणली, रोग कोणत्या महिन्यात आला आणि कशाने गेला. आमच्या काकांकडे अशी एक वही असती, तर त्यांच्यामागून आलेल्या त्या मुलाची दोन वर्षे आणि त्या दुसऱ्या मुलाचा गुडघा, दोन्ही वाचले असते.

चौथा, आणि हा आपल्याच हातातला : पावसाळा ओसरला की, नवा मोसम सुरू होण्याआधी, मैदानरक्षकांचा एक दिवसाचा मेळावा व्हावा. सभागृह मंडळाचे, जेवण मंडळाचे. सकाळी एका मैदानावर जमून जमीन खणून पाहायची, दुपारी बसून बोलायचे. भाषणे आणि हारतुरे नकोत. पाहुणा म्हणून मंत्री नको, एक अनुभवी क्युरेटर आणि एक मृदाशास्त्रज्ञ पुरे. त्या दिवसाची रोजंदारी बुडते म्हणून कोणी राहून जाऊ नये, यासाठी तेवढी रक्कमही मंडळाने द्यावी.

हे पत्र ज्या ज्या गावी जाते तिथल्या वाचकांनाही आमची विनंती आहे, कारण प्रत्येक गावाजवळ दुसऱ्याला देण्यासारखे काहीतरी आहे. गोव्यात जांभ्या जमिनीवर पाऊस कोसळतो आणि तरीही फातोर्ड्याच्या गवतावर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक खेळला गेला. तेवढ्या पावसात मैदान कसे निचरते हे तिथला माणूस आम्हाला सांगू शकेल. बेळगावकडे तांबडी आणि काळी, दोन्ही माती आहेत. ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने एकदिवसीय सामन्यातले पहिले पुरुषी द्विशतक काढले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच गावात नवे स्टेडियम आंतरराष्ट्रीय सामन्याला उघडले. बडोद्याजवळ कोटंबीलाही डिसेंबर २०२४ मध्ये महिलांचा एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला. नवे मैदान बसवताना काय चुकते, काय जमते, हे ग्वाल्हेर-बडोद्याच्या लोकांना ताजे आठवत असेल. २०२४च्या आयपीएलमध्ये उत्तम खेळपट्टी आणि मैदानाचे बक्षीस हैदराबादने घेतले. आपल्या मंडळांचे कीर्तनकार आणि नाटके या गावाहून त्या गावाला जातात. एखादा मैदानरक्षकही गेला तर प्रवासखर्च फार नाही.

पार्षद मते मागायला दारी येतो तेव्हा आपण गटार विचारतो, दिवा विचारतो, रस्ता विचारतो. यापुढे एक प्रश्न आणखी विचारावा : आमच्या वॉर्डातले मैदान कोण राखतो, आणि त्याला हे काम कोणी शिकवले? पहिल्या भागाचे उत्तर त्याला बहुधा देता येणार नाही. दुसऱ्याचे तर नाहीच. तिथूनच बोलणे सुरू करावे.

काका अजून आहेत. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. मेळाव्याची कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की तो नवा मुलगाही येणार का. येणार असेल तर आपणही येऊ म्हणाले. वहीत काय लिहायचे ते ते तोंडाने सांगतील, कोणीतरी उतरवून घ्यायला हवे. ते काम आम्ही आमच्याकडे घेतले आहे. मेळाव्याला हात लावायची ज्यांची तयारी असेल त्या बांधवांनी मंडळाच्या कार्यालयात आपले नाव नोंदवावे.